चित्रकाराची सही

[ट्रस्टच्या महोत्सवी वर्षानिमित्त निपाणी येथे भरलेल्या सभासदांच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण. वक्ते माध्यमिक शाळेत शिक्षक असून बी. ए., बी. एड. आहेत.]



 शिष्यवृत्त्या, वैद्यकीय मदत, विधवा भगिनींचे साहाय्य या विषयांवर माझ्यापेक्षा अधिकारी वक्ते बोलले आहेत. माझा विषय लहान आहे. मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढणाऱ्या कलावंतांची पुस्तके, त्यांनी स्वहस्ते सही केलेल्या प्रती, जमविणे व जपणे, हा तो विषय. नाव ऐकताच कोणी म्हणेल, "मास्तर, हा श्रीमंतांचा शौक! आपल्या ट्रस्टशी त्याचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. तोवर थोडा धीर धरावा, एवढी विनंती.

प्रथम 'सही' हा शब्दच पाहू. अरबीतील 'सहीह', म्हणजे खरे, बरोबर, निर्दोष, यावरून तो मराठीत आला. आपल्या घरांत बोलला जाणारा 'दस्तखत' हा शब्द फारसी. दस्त म्हणजे हात आणि खत म्हणजे लेखन. सही म्हणजे खरेपणाची खूण आणि दस्तखत म्हणजे हाताची खूण. हे काम माझे आहे, माझ्या हातचे आहे आणि त्याची जबाबदारी मी घेतो, एवढे सगळे त्या दोन-चार अक्षरांत येते.

आपल्या देशात चित्रांनी गोष्ट सांगण्याची चाल जुनी आहे. अकबर बादशहाच्या कारखान्यात १५६२ च्या सुमारास 'हम्जानामा' रंगविण्यास आरंभ झाला. सुमारे पंधरा वर्षे काम चालले आणि चौदाशेच्या आसपास मोठी चित्रे तयार झाली. चित्र एका बाजूस व मजकूर पाठीमागे. जहांगीर बादशहाने तर आपल्या आत्मचरित्रात अभिमानाने लिहिले आहे, की कोणतेही चित्र समोर आले तरी ते कोणाच्या हातचे आहे, हे मी सांगू शकतो. आपल्या विजापूरच्या दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाने खलीलुल्ला नावाच्या सुलेखनकारास 'बादशाह-ए-कलम' असा किताब दिला. लेखणी धरणाऱ्या हाताला मान देण्याची ही रीत आपल्या मुलखात परकी नाही.

पण सर्वच हातांच्या वाट्यास असा मान आला नाही. बेळगावहून आंबोली घाट उतरून सावंतवाडीस गेले, की पुढे कुडाळजवळ पिंगुळी गाव लागते. तेथील ठाकर समाजाचे लोक चित्रकथी. सुट्या कागदांवर रंगविलेली चित्रे एकामागून एक दाखवीत ते रामायण-महाभारतातील कथा गाऊन सांगतात. ती परंपरा जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. परंतु त्या जुन्या पोथ्यांतील चित्रे ज्यांनी काढली, त्यांची नावे चित्रांवर नाहीत. रेषा उरली, रंग उरला, माणूस मात्र हरवला. सहीचे मोल कळावयाचे असेल तर सही नसलेली ही चित्रे एकदा पाहून यावीत.

आता छापील पुस्तकांकडे वळू. १८६७ हे साल ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात येथून जवळच, कोल्हापुरास, महादेव विश्वनाथ धुरंधर जन्मले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात इंग्लंडात आर्थर रॅकहॅम जन्मला. दोघेही पुढे पुस्तकांची चित्रे काढण्यात नामांकित झाले. रॅकहॅमच्या प्रकाशकांनी एक युक्ती काढली. साध्या आवृत्तीबरोबर एक खास आवृत्ती काढावयाची, तिच्या मोजक्याच प्रती छापावयाच्या, प्रत्येकीस क्रमांक द्यावयाचा आणि चित्रकाराने प्रत्येक प्रतीवर सही करावयाची. १९०५ साली 'रिप व्हॅन विंकल'च्या अशा २५० प्रती निघाल्या. पुढच्याच वर्षी 'पीटर पॅन'च्या ५०० निघाल्या. सही केलेली चित्रमय बालपुस्तके जमविण्याचा नाद विलायतेत जोराने फैलावला, तो मुख्यतः या प्रथेमुळे.

आपल्या धुरंधरांच्या वाट्यास तसली खास आवृत्ती आली नाही. किंकेड नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने आपल्याकडील वारांच्या व व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या. 'डेक्कन नर्सरी टेल्स' या नावाने ते पुस्तक १९१४ साली निघाले, त्यातील चित्रे धुरंधरांची. आपल्या आजूबाजूच्या घरांत श्रावणात ज्या कहाण्या सांगितल्या जातात, त्या कोल्हापूरच्या माणसाच्या कुंचल्यातून उतरून साता समुद्रापार गेल्या. धुरंधरांनी १९४० साली 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आपल्या आयुष्याचे पुस्तकही लिहिले. चित्रकाराने स्वतः लिहिलेले असे पुस्तक हाती आले, म्हणजे चित्रामागचा माणूस भेटतो.

त्यानंतरच्या पिढीत गोमंतकाने दोन मोठे हात महाराष्ट्राला दिले. दीनानाथ दलाल १९१६ सालचे आणि रघुवीर मुळगावकर १९१८ सालचे. दोघांची मुखपृष्ठे व दिवाळी अंक आपल्या वडिलांच्या पिढीतील घराघरांत गेले. दलालांनी 'दीपावली' वार्षिक स्वतः काढले व नावारूपास आणले. चित्राच्या कोपऱ्यात हे दोघे आपले नाव घालीत, म्हणून अक्षर न वाचता येणारी माणसेसुद्धा "हे दलालांचे" अथवा "हे मुळगावकरांचे" असे ओळखीत.

मुलांच्या मासिकांत 'चांदोबा'चे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मद्रासहून १९४७ साली तेलुगू व तमिळ भाषांत 'चंदामामा' निघाला आणि १९५२ साली त्याची मराठी आवृत्ती सुरू झाली. खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि मागे स्मशान, असे विक्रम-वेताळाचे ते चित्र आपणांपैकी कोण विसरला असेल? ते काढणारे शंकर, म्हणजे के. सी. शिवशंकरन. सुमारे साठ वर्षे त्यांनी त्या मासिकासाठी चित्रे काढली. २०२० साली वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी ते वारले आणि पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. मासिक त्यापूर्वीच बंद पडले होते. ज्यांनी शेकडो रात्री त्या वेताळाचे भय घेतले, त्यांतील कितीजणांस शंकर हे नाव ठाऊक होते?

१९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिच्यात एक गोष्ट चांगली होती. चित्रकाराचे नाव आतल्या पानावर छापीत. त्यामुळे राम वाईरकर, प्रताप मुळीक ही नावे लक्ष देणाऱ्या मुलांना कळली. पुढे मुळीकांची रेखाटन शिकविणारी पुस्तके ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली. गोष्टीची चित्रे काढणारा कलावंत आपली विद्या पुस्तकरूपाने खुली करतो, तेव्हा ते पुस्तक विद्यार्थ्याला गुरूच्या ठिकाणी असते. 'बालभारती'चे 'किशोर' मासिक १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य पाहावयास मिळतात. मारिओ मिरांडा यांची चित्रे तर महाराष्ट्रातील मुलांनी इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकांतच पाहिली. आणि आजच्या काळात माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका गोष्टही स्वतः लिहितात व चित्रेही स्वतः काढतात. 'राधाचं घर' ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी अवश्य आणावे.

आपल्या सीमाभागाकडे पाहू. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्यासारखे चित्रकलेचे शिक्षक होऊन गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेले रवी परांजपे १९३५ साली बेळगावातच जन्मले, पुस्तकांची, जाहिरातींची व इमारतींची चित्रे काढून देशोदेशी नावाजले आणि २०२२ साली पुण्यात निवर्तले. त्यांचे 'ब्रश मायलेज' हे आत्मचरित्र प्रत्येक चित्रकला शिक्षकाने वाचावे. बेळगावजवळ लोंढ्याच्या बाजूस, जगलबेट येथे मनोहर माळगावकर राहत. त्यांनी लिहिलेले व मारिओंनी चित्रे काढलेले 'इनसाइड गोवा' १९८२ साली निघाले. मारिओंची रेषा ज्यांना पाठ्यपुस्तकांतून आवडली, त्यांच्यासाठी ते उत्तम. माळगावकर २०१० साली गेले, मारिओ २०११ साली. दोघांच्या सह्या असलेली त्या पुस्तकाची प्रत आता नव्याने तयार होणे नाही. जी कोणाच्या कपाटात असेल, तीच उरली. सही जपण्याचे कारण यापेक्षा सोपे करून सांगता येत नाही.

मंडळी, आता थोडे व्यवहाराचे बोलतो. कारण नाद लागला आणि माहिती नसली, तर पैसाही जातो आणि पुस्तकही जाते.

सह्या चार प्रकारच्या असतात. पहिली, चित्रातच काढलेली व चित्राबरोबर छापलेली. ती प्रत्येक प्रतीत असते. तिच्यावरून चित्रकार ओळखता येतो, पण तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. दुसरी, पुस्तकाच्या पहिल्या पानावर चित्रकाराने हाताने केलेली. तिसरी, कोणाचे तरी नाव घालून केलेली. आणि चौथी, सहीबरोबर एखादे लहानसे चित्र काढून दिलेली. ही सर्वांत दुर्मीळ. भिंगातून पाहिले असता छापील सही ठिपक्यांची दिसते. हाताच्या सहीत शाई कागदात मुरलेली असते, कागद तिरपा धरल्यास लेखणीचा दाब दिसतो, क्वचित पाठीमागे खूणही उमटते. नाव घालून दिलेल्या प्रतीस बाजारात भाव कमी येतो, असे व्यापारी म्हणतात. मला ते पटत नाही. 'चिरंजीव अमक्यास' असे लिहिलेले असले, म्हणजे ते पुस्तक खरोखरीच एका मुलासाठी होते, याची ती साक्ष आहे.

सही मागावयाची तर रीत पाळावी. पुस्तक विकत घेतलेले असावे. प्रकाशकाच्या पत्त्यावर चित्रकारास विनयाने पत्र लिहावे आणि परतीच्या टपालखर्चाची तजवीज स्वतः करावी. सही गुळगुळीत चित्रपानावर मागू नये, तेथे शाई पसरते. आतल्या साध्या पानावर मागावी. एकाने दहा प्रती पुढे करू नयेत. कलावंताचा वेळ हाच त्याचा पोटापाण्याचा माल असतो.

आणि मिळाल्यावर जपावे कसे? आपल्या बेळगाव-निपाणीचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. चार महिने भिंती पाझरतात. पुस्तकांचे कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे. पावसाळ्यात पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नयेत, आत ओल कोंडते व बुरशी येते. कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची जुनी चाल अजूनही उपयोगी आहे. पाला मात्र पुरा वाळलेला हवा. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावू नये, काही वर्षांत ती पिवळी पडून कागदच खाते. ऊन लागेल तेथे सही उघडी ठेवू नये, शाई उडते.

सर्वांत मोठा धोका वाळवीचा नाही, तो बाइंडरचा व शिक्क्याचा आहे! मी एका वाचनालयात जुना दिवाळी अंक पाहिला. बांधणी करताना कडा कापल्या गेल्या होत्या आणि कोपऱ्यातील चित्रकाराचे अर्धे नाव कडेबरोबर गेले होते. उरलेल्या अर्ध्यावर वाचनालयाचा जांभळा शिक्का बसला होता. कोणाच्या मनात वाईट नव्हते. पण पुस्तक बांधावयास देताना 'कडा कापू नयेत' असे चिठ्ठीवर लिहून द्यावे आणि शिक्का चित्र सोडून मारावा, एवढे प्रत्येक शाळेला करता येईल.

आता आपल्याच समाजातील एक शंका आदराने घेतो. आपल्या काही घरांत सजीवांची चित्रे भिंतीवर लावीत नाहीत. त्या भावनेचा मान राखला पाहिजे आणि मी तो राखतो. मिटलेल्या पुस्तकात राहणारे आणि मुलाला शिकविण्यासाठी उघडले जाणारे चित्र ही वेगळी गोष्ट आहे, असे मला वाटते. ज्यांना तेही नको असेल, त्यांच्यासाठी फुलांची, झाडांची, इमारतींची व अक्षरांची सुंदर पुस्तके आहेत. मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, तारा बुक्स संस्थेने २००६ साली भज्जू श्याम, दुर्गाबाई व रामसिंग उर्वेती या तीन गोंड कलावंतांचे 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' हे पुस्तक काढले. हातकागदावर, हाताने छापलेले आणि प्रत्येक प्रतीवर हाताने क्रमांक घातलेले. त्याचा विषयच मुळी झाडे हा आहे. रॅकहॅमच्या क्रमांक घातलेल्या प्रती श्रीमंतांसाठी होत्या. येथे मध्य प्रदेशातील आदिवासी कलावंतांची नावे मुखपृष्ठावर छापलेली आहेत. काळ एवढा पुढे आला, हे चांगले झाले.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. आपले मूल घरी दखनी बोलते, शाळेत मराठी वाचते, बाजारात व कचेरीत त्यास कन्नड लागते आणि मौलवीसाहेबांकडे ते अरबी अक्षरे गिरविते. चार भाषांचे ओझे घेऊन ते पहिलीत येते. या सर्वांत चित्र एकच असे, की जे त्याला कोणी न शिकविता वाचता येते. म्हणून बिनचित्रांच्या पुस्तकाने आरंभ करणे आपल्या मुलांस इतरांपेक्षा जड जाते. हे मी पुस्तकी ज्ञानाने सांगत नाही, वीसएक वर्षे फळ्यापुढे उभा राहून सांगतो आहे.

आता शेवटच्या प्रश्नाकडे येतो. याचा ट्रस्टशी संबंध काय?

एकदा वर्गात गोष्टीचे पुस्तक दाखवून मी विचारले, "हे चित्र कोणी काढले?" मुले म्हणाली, "छापखान्याने." मी कोपऱ्यातील नाव दाखविले. तेव्हा एक मुलगी उठून म्हणाली, "सर, माझी अम्मी बिड्या वळते. बंडलावर कारखान्याचा छाप असतो. अम्मीचं नाव कुठं असतं?" मला उत्तर देता आले नाही. आपल्या निपाणीच्या तंबाखूवर पेढ्या उभ्या राहिल्या. त्यांखाली किती मातांची बोटे झिजली, हे या सभागृहात बसलेल्यांस मी काय सांगावे? हजार बिड्या मोजून दिल्या, छाट काढली, मजुरी घेतली, संपले. नाव कोठेच नाही. त्या मुलीला चित्राच्या कोपऱ्यातील सहीचा अर्थ माझ्याआधी कळला होता. काम करणाऱ्या हाताला नाव असते, हे मुलाला लहानपणीच समजले, तर ते उद्या कामगाराचा हिशेब लिहिताना, घरातील बाईच्या कष्टाकडे पाहताना, स्वतः काम करताना निराळे वागेल. धर्मादाय संस्थेचे काम मदत देणे हे आहेच. पण मदतीबरोबर माणसाची किंमत ओळखावयास शिकविणे, हेही तिचेच काम आहे.

म्हणून माझी मागणी लहान आहे. शिष्यवृत्तीच्या निधीतील एक रुपयाही यासाठी काढू नये. भुकेल्याचे पोट व विद्यार्थ्याची फी आधी, हा क्रम मोडता कामा नये. फक्त तीन गोष्टी कराव्यात. पहिली, ट्रस्टच्या कचेरीत एक कपाट मुलांच्या चित्रमय पुस्तकांसाठी द्यावे, आणि सभासदांनी रद्दीवाल्यास बोलाविण्यापूर्वी जुने 'चांदोबा', 'किशोर' व दिवाळी अंक तेथे आणून द्यावेत. रद्दीच्या तराजूवर दलाल आणि कालचे वर्तमानपत्र एकाच भावाने जातात. दुसरी, पुस्तक घ्यावयाचे तेव्हा शक्य तर दोन प्रती घ्याव्यात. एक मुलांच्या हाती, ती फाटली तरी हरकत नाही. दुसरी चित्रकाराकडे सहीसाठी पाठवून जपून ठेवावयाची. एकच घेता येत असेल तर ती निःसंशय मुलांच्या हाती द्यावी. कुलुपातील सही मुलाच्या हातातील पुस्तकापेक्षा मोठी नाही. तिसरी, आपल्याकडे कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून साहित्य संमेलने भरतात व लेखकांस मानाने बोलाविले जाते. आपण वर्षातून एकदा मुलांच्या पुस्तकांच्या एखाद्या चित्रकारास बोलवावे. त्याने मुलांसमोर कागदावर रेघ ओढून दाखवावी. ती रेघ हळूहळू घोडा होते की झाड होते, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे. मग ती मुले 'छापखान्याने काढले' असे पुन्हा म्हणणार नाहीत.

बालमित्रांनो, तुम्हांस एकच काम सांगतो. आज घरी जाऊन तुमच्या आवडत्या पुस्तकातील आवडते चित्र काढा आणि चित्रकाराचे नाव शोधा. कोपऱ्यात पाहा, आतल्या पानावर पाहा. सापडले तर वहीत लिहून ठेवा व मला दाखवा. नाही सापडले तर तेही सांगा. आपण मिळून प्रकाशकास पत्र लिहू व विचारू.